दहा कमी

लग्ननोंदणीच्या खिडकीत बोरकरांनी दोघांचे अंगठे यंत्रावर टेकवून घेतले आणि चष्मा कपाळावर सरकवला. "गोत्र वेगळं, मंगळ नाही, पण तीन आडवा आलाय. दोघांच्याही जन्मांकाला तीनने भाग जातो."

रक्तातल्या प्रत्येक दोषाला एक आकडा असे, आणि तो जन्मांकात गुणाकाराने भरलेला असे. दोघांत सारखाच दोष निघाला, की लग्नाला परवानगी नसे.

"माझ्यात तीन आहे, ते ठाऊकच होतं," ओजस म्हणाला. "पण हिच्यात नाही."

"सात कोटी आठ लाख एकोणसाठ," शाल्मली ठणकावून म्हणाली. "अंकांची बेरीज एकोणतीस. भाग जाईलच कसा?"

"इथे एकोणसत्तर आहे, ताई. बेरीज तीस. असा घोळ होतो कधी कधी. गेल्या आठवड्यात एक नवरदेव सरकारदरबारी म्हैस निघाला."

"मग दुरुस्त करा!"

मागच्या बाकावरून तिची आई उठली. "यंत्र बरोबर आहे गं. मीच तुला दहा कमी शिकवले."

"का?"

"तुझ्या आधी एक मुलगा होता. तीन माझ्यातही, तुझ्या बाबांतही; आमच्या वेळी लग्नाआधी हे तपासत नसत. दोघांचेही तीन त्याच्यात उतरले, आकड्याला नऊने भाग जायचा. सहा वर्षं जगला. तुला कोणी नाकारू नये, एवढंच डोक्यात होतं."

बोरकर उगाच यंत्र पुसत राहिले.

शाल्मलीने अर्ज परत मागून घेतला. एकोणसाठ खोडून एकोणसत्तर लिहिलं. मग भावंडांच्या रकान्यातलं 'नाही' खोडून तिथे 'एक' लिहिलं आणि अर्ज आत सरकवला.

"आता नाकारा," ती म्हणाली.