पुलाचा तुकडा

कोसळलेल्या पुलाचा तुकडा खिशात घट्ट धरून गवंडी मतदानाच्या रांगेत थांबला होता. त्या पुलाखाली त्याचा धाकटा भाऊ चिरडला. पुलाचं सिमेंट ढेकर न देता पचवणारा पुढारी पुन्हा उभा. पण गवंड्याच्या बायकोच्या किडन्या निकामी झालेल्या, तिचं फुकटात डायलिसिस करणारं केंद्र त्याच पुढाऱ्याचं. “साहेब पडले तर कुलूप लागेल,” त्याची माणसं घरी सांगून गेली होती. “मी मेले तर मेले, पण भावोजींना विसरू नका,” बायकोने सकाळीच बजावलं होतं. आत त्याने मान फिरवून पुढाऱ्याचंच बटण दाबलं. आधीच मत दिलेली बायको बाहेर पायरीवर टेकलेली. “तुझं ऐकलं,” तो खोटं बोलला. तिला हुंदका फुटला. “मी त्यालाच दिलं हो. मला जगायचंय.” तिला उठवायला त्याने खिशातला हात पुढे केला, तळव्यावर नुसता भुगा.