‘भ’ला तीट

मंगल कार्यालयाच्या दारावरच्या पाटीचे दिवे लागले आणि मुकुंदकाका ती बघायला रस्त्यापलीकडे गेले. ‘भरत – तन्वी’ उजळायला हवं होतं. तिथून सरळ ‘मरत’ दिसत होतं.

चौकोनी ठिपके जुळवून अक्षरं घडवण्याचा छंद त्यांनी आजवर घरातच ठेवला होता. पुतण्या भरतने हट्ट धरला, "काका, माझ्या लग्नात तुमचीच अक्षरं." ‘भ’च्या डोक्यावरच्या रेघेत त्यांनी एका दिव्याची फट सोडली. कॉम्प्युटरवर ती पुरेशी वाटली. इथे शेजारच्या दिव्यांच्या उजेडात ती बुजून गेली होती.

नवरदेवाचा बँड कोपऱ्यावर आला.

"आता नाही बदलता येणार," लायटिंगवाला म्हणाला. "लॅपटॉप दुसऱ्या लग्नाला गेला."

"तरी मी म्हणत होतो, माझं नको," काका पुटपुटले.

"ते नंतर म्हणा," काकू म्हणाल्या. "आता काय करायचं?"

काका काकूंकडे वळले. "तुझ्या पर्समध्ये काळी टिकली आहे?"

चारचौघांत तोंड न उघडणारा तो माणूस भर दारात खुर्चीवर चढला आणि त्याने फटीलगतच्या दिव्यावर टिकली दाबली. फट रुंदावली. ‘म’चा ‘भ’ झाला.

ते खाली उतरतात तोच नवरदेव दारात. त्याची आई वर बघून थबकली. "भाऊजी, ती काळी टिकली कसली हो?"

काका खुर्ची उचलायला वाकले.

"तीट लावलीय," काकू म्हणाल्या. "इतकी देखणी अक्षरं, दृष्ट नाही का लागायची?"