मधली खोली

"ही बघा वहिनी, तुमची धुण्याची खोली," धाकट्या दिराने फक्कीने आखलेल्या चौकोनाकडे बोट दाखवलं, आणि थोरली जाऊ त्यात जाऊन उभी राहिली.

घर अजून जमिनीवरच होतं. मिस्त्रीने चुन्याच्या पांढऱ्या रेघांनी खोल्या आखून ठेवल्या होत्या. उद्या सकाळी खोदाई. मधोमध एक जाड रेघ; तिच्या अलीकडे थोरल्या भावाचं बिऱ्हाड, पलीकडे धाकट्याचं. दारं वेगळी, स्वयंपाकघरं वेगळी आणि धुण्याच्या खोल्या तर मुद्दाम दोन टोकांना.

दोघे भाऊ स्वतःवर बेहद्द खूश होते. का नसावेत? लग्न झाल्यापासून त्यांनी एकच कटकट ऐकली होती. थोरली शर्ट वाळत घालायची ते खालच्या कडेला चिमटे लावून, उलटे. धाकटी घालायची खांद्याला चिमटे लावून, सुलटे. थोरलीची पाठ वळली की धाकटी सगळे शर्ट सुलटे करायची, आणि धाकटी आत गेली की थोरली ते परत उलटे. शर्ट बिचारे वाळायचे कधी ते त्यांचं त्यांना ठाऊक! या ओढाताणीत कुणाचे मोजे कुणाच्या कपाटात जायचे. भाऊ तर कित्येक वर्षं एकमेकांचे बनियन घालून फिरत होते, थोरल्याला घट्ट, धाकट्याला ढगळ. पण बोलायची सोय नव्हती. एकीला काही म्हटलं की दुसरी तिची बाजू घेऊन अंगावर यायची.

"आता आपापलं मशीन, आपापली दोरी," थोरला हात झटकत म्हणाला. "मिटली कटकट."

थोरलीची खोली छान होती, ऐसपैस. 'मला माझी वेगळी जागा द्या, हिची लुडबुड नको' हे तिचंच म्हणणं होतं, आणि ते तिने पाहुण्यांसमोरसुद्धा ठणकावून सांगितलं होतं. मग आता ती नकोशी का वाटावी?

तिने मान वळवली. पार त्या टोकाला, आपल्या चौकोनात धाकटी उभी होती. कमरेवर हात, मान वाकडी. काहीतरी बोलत होती.

"काय?" थोरलीने विचारलं.

धाकटीचे ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही.

"अगं, मोठ्याने बोल की!"

"म्हटलं, चिमट्यांची टोपली कुणाकडे राहणार?" धाकटी ओरडली.

"माझ्याकडे! मी आणलीय ती!"

"काय?"

थोरलीने पुन्हा सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एवढ्याशा टोपलीसाठी इतकं ओरडावं लागत होतं, आणि अजून तर भिंतीही उठल्या नव्हत्या. तिच्या डोळ्यांपुढे आलं, आपण दोरीवर शर्ट उलटे घातलेत आणि ते संध्याकाळपर्यंत तसेच उलटे लटकताहेत. कुणी हात लावलेला नाही. 'अहो वहिनी, काय हे' म्हणून कुणी कपाळावर आठ्या घातलेल्या नाहीत. तिला चक्क रडू आलं. स्वतःचाच रागही आला, या वयात हे काय भलतंच!

ती तरातरा चालू लागली.

"अहो वहिनी, भिंतीतून कुठे निघालात?" दीर हसत म्हणाला. समोरून धाकटीही निघालीच होती. जाड रेघेवर दोघी समोरासमोर आल्या.

"तुम्हाला तिकडे सकाळचं ऊन," धाकटी म्हणाली. "आणि मी चादरी वाळवायच्या कशावर? तुमच्या कौतुकावर?"

"मग मला काय सुख लागून गेलंय? नळ बघ कुठल्या कुठे. पाणी येईपर्यंत साबण वाळेल."

"मग इथे करू या ना." धाकटीने जाड रेघेवर पाय आपटला.

"इथे नको. जरा मागे. मागच्या अंगणात दोरी बांधता येईल."

"मागे अंधार होईल."

"खिडकी ठेवायची मोठी. डोकं चालव जरा."

"तुम्हाला काय, अंधारातही चालेल. म्हणून तर शर्ट उलटे घालता."

"उलटे? अगं, खांद्यावर चिमट्यांच्या खुणा पडतात, त्या घालवायला तू येणारेस इस्त्री घेऊन?"

दोघींचे चेहरे कसे फुलून आले होते! थोरला बायकोकडे बघत राहिला, धाकटा थोरल्याकडे.

"म्हणजे एकच खोली?" थोरल्याने कपाळाला हात लावला. "मग आपण दोन घरं कशाला बांधतोय?"

"घरं दोनच आहेत की," थोरली म्हणाली. "धुण्याचं काय एवढं?"

तोवर धाकटीने जरा मागे सरकून चपलेने जाड रेघ हातभर पुसूनही टाकली होती.

मिस्त्रीने अशी भांडणं उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिली असावीत. त्याने निमूटपणे घमेलं उचललं आणि पुसलेल्या जागी नवा चौकोन आखला, निम्मा इकडे, निम्मा तिकडे. दोन्ही बाजूंना एकेका दाराची जागा सोडली.

"आता एक सांगून टाका," तो म्हणाला. "दारांना कड्या कुठल्या बाजूने लावायच्या? मागाहून वाद नको."

"कड्या?" थोरली म्हणाली. "कड्या लावल्या तर ही शर्ट सुलटे करायला येणार कशी?"