वाळ्याचं पाणी

जुडी नाकाशी धरून तो बराच वेळ उभा राहिला. वाळ्याला वासच नव्हता. मुळं दिसायला तीच, तांबूस, केसांसारखी गुंतलेली. पण अत्तरासाठी अर्क काढून झालेला चोथा कोणीतरी वाळवून त्याच्या गळ्यात मारला होता. औषधी मुळ्या आणि साली विकण्यात हयात गेलेल्या माणसाच्या. आणि तेही आज.

आतल्या खोलीत बायको तापाने फणफणत होती. डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते. आता घरीच असू द्या, मागतील ते द्या, म्हणाले होते. तिने वाळ्याचं पाणी मागितलं. अंगाची आग, तळव्यांची जळजळ, न भागणारी तहान यांवर दोघांनी आयुष्यभर लोकांना वाळाच दिला होता. माल पारखायची मात्र ती. डोळे मिटून जुडी हुंगायची आणि बहुतेक वेळा बाजूला सारायची. "तुमचं नाक चष्मा टेकवण्यापुरतं," असं त्याला गिऱ्हाइकांसमोर ऐकवायची.

दुसरा वाळा आणीपर्यंत ती राहील, याची खात्री नव्हती. नसण्यापेक्षा हा बरा, असं म्हणत त्याने पाण्याचं पातेलं पुढे ओढलं. तेवढ्यात आतून कण्हणं आलं. भांडं भरून तो लगबगीने आत गेला.

तिची मान उचलून त्याने दोन चमचे पाणी तोंडात सोडलं. तिने ते कष्टाने गिळलं. नाकपुड्या किंचित हलल्या.

"काय घमघमतोय हो," ती म्हणाली. "आग शमली बघा."

त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणजे वाळा खरा होता. आपलंच नाक गेलं होतं. गेलं तर गेलं. आणखी पाणी आणायला तो बाहेर आला आणि पातेल्याशी थबकला. पाण्यातून तळ स्वच्छ दिसत होता. जुडी फडताळावर पडली होती, कोरडी. पाण्यात टाकायचीच राहिली होती.

तो परत येऊन उशाशी बसला. तिचा हात त्याने हातात घेतला. तळवा निखाऱ्यासारखा पोळत होता.

"उद्याही हाच घाला," ती डोळे न उघडता म्हणाली. "नाक सुधारलं हो तुमचं."