नावाची ओळ

“प्रत्येक फायलीच्या डोक्यावर तेच तेच चिकटवत बसायचं. शाळेत शंभरदा लिहायची शिक्षा परवडली,” अण्णांचा धाकटा मुलगा लॅपटॉपशी पुटपुटला.

शेजारच्या खुर्चीत अण्णांनी ते ऐकलं. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची वाचा गेली होती, कान शाबूत होते.

तेव्हा सुनेनं, थोरल्याच्या बायकोनं, स्वतःच शिकून त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. टॅबवरच्या चित्राला बोट लावलं, की टॅब बोलायचा, तिच्याच आवाजात. ‘मी’, ‘पाणी’, ‘पाठ दुखते’. तिच्या आवाजातला ‘मी’ म्हणजे अण्णा, हे आता घराच्या अंगवळणी पडलं होतं.

तिनं तो नेटवर उघडा ठेवला होता, ज्याला हवा त्यानं घ्यावा म्हणून. पण अण्णांच्या उपचार केंद्रानं हात लावला नाही. दार उघडं आहे म्हणून आत कसं शिरायचं, म्हणाले. लेखी परवाना हवा. तो आज प्रोग्रॅमच्या प्रत्येक फायलीवर चढत होता. कुणीही वापरा, बदला, वाटा. फक्त वरची, बनवणाऱ्याच्या नावाची ओळ पुसू नका.

त्या ओळीत नाव होतं धाकट्याचं. थोरल्यानंच सुचवलं. कॉम्प्युटरची डिग्री धाकट्याची, केंद्राला भरवसा वाटेल, आणि घरात कसलं आलंय तुझं-माझं. धाकट्यानं मान खाली घातली, टायपिंग मात्र थांबवलं नाही. सून स्वयंपाकघराच्या दारात ताट पुसत होती. केव्हाची, तेच ताट.

अण्णांनी टॅब ओढला. तिचं चित्र शोधू लागले. थोरला होता, धाकटा होता, दाढीवाला डॉक्टरसुद्धा होता. ती नव्हतीच. घरादाराला बटणं वाटताना बाईसाहेब स्वतःला विसरल्या होत्या. अण्णांना कधी कळलंही नाही. हाक मारायच्या आत ती समोर असायची.

बोट भलतीकडेच पडलं.

“पाठ दुखते,” टॅब म्हणाला.

थोरला उशी आणायला उठला. अण्णांनी डोळे वटारून त्याला खाली बसवलं. पुन्हा बोट उचललं.

“हे,” टॅब बोलला. “कुणी.” बोट घसरलं, परत आलं. “केलं.”

धाकट्याचे हात थांबले. थोरला खिडकीबाहेर बघू लागला. अण्णांनी पुन्हा तेच दाबलं. परत दाबलं.

ताट ओट्यावर ठेवलं गेलं. मग तोच आवाज आला, पण टॅबमधून नाही, दारातून.

“मी.”