शेवटची कुपी

शेंगदाण्याचा अर्क घातला, तरी पेशी शांत राहिल्या. अ‍ॅलर्जी भडकवणाऱ्या या पेशींच्या अंगातच एक लगाम असतो. स्वीडनमधल्या उप्सालाच्या प्रयोगशाळेत गुनिलाला तो आज पहिल्यांदा खेचता आला.

"एकदा जमलं ते कुणी खरं धरत नाही," तिचा सहकारी तोर्केल म्हणाला. "पुन्हा करायला हवं. या रुग्णाचं रक्त आणखी मागवू?"

"मिळणार नाही. ही शेवटची कुपी. तूवाचं आहे."

तूवाच्या, म्हणजे गुनिलाच्या लेकीच्या, दफनाला तोर्केल गेला होता. मैत्रिणीच्या वाढदिवसाला शेंगदाणे घातलेल्या केकचा एक घास तूवाने खाल्ला होता, तेवढाच.

"मग राहू दे ती. दुसऱ्या कुणाचं घेऊ."

"जपून ठेवली म्हणून तूवा काही मोठी व्हायची नाही," गुनिला म्हणाली आणि तिने कुपीचं झाकण उघडलं.