छापून आलं!

मोटारींच्या कॉइल गुंडाळण्यात माझी चाळीस वर्षं गेली. इलेक्ट्रॉन म्हणजे गोळी नव्हे, ते विजेचं फिरणारं कडं आहे, हे मला त्या तारांनीच शिकवलं. सगळं आकृत्यांसकट वहीत उतरवलं.

लेक कॉलेजात फिजिक्स शिकवते. वही वाचून म्हणाली, "बाबा, एकही चूक नाही यात. मी छापायला देते."

वर्षभर विचारत राहिलो. "वेळ लागतो हो बाबा," एवढंच उत्तर.

आज तिच्या टेबलावर छापील कागदांचा गठ्ठा दिसला. वरच माझी आकृती! चष्मा सापडेना, म्हणून बायकोला हाक मारली, "अगं, छापून आलं! खाली काय लिहिलंय, वाच ना मोठ्याने."

 

तिने वाचलं, "प्रश्न चौथा. वरील मॉडेलमधल्या कोणत्याही पाच चुका लिहा. गुण दहा."